गाठींची वंशावळ

मेथीची जुडी निवडताना आपण पानं खुडतो आणि मुळं केरात टाकतो. पुढच्या वेळी टाकण्याआधी ती मुळं नळाखाली धरून जरा नीट बघा. भाजी अगदी कोवळी असेल तर काही दिसणार नाही, पण थोडी जून असेल तर मुळांना मोहरीपेक्षाही बारीक, पांढुरक्या-गुलाबी गाठी चिकटलेल्या दिसतील. एखादी नखाने फोडली तर आतून लालसर निघते. हा रोग नव्हे. त्या गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात ते आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. तो लाल रंग लेगहीमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनच्या एका दूरच्या भावंडाचा! नत्र बांधणारं जे विकर असतं ते प्राणवायूपुढे निकामी होतं, म्हणून हा लाल पदार्थ प्राणवायूला आवरून धरतो.

हरभऱ्याचा, मुगाचा किंवा सोयाबीनचा बेवड चांगला, असं आपले शेतकरी म्हणतात त्यामागे बराचसा वाटा या गाठींचा असतो. गहू-कांद्याच्या मुळांना हे सुख नाही.

आता हे सगळं मी, जिने आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, ती का लिहिते आहे? तर त्याला कारण आमच्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत. त्याची नवी आवृत्ती काढायचं घाटतं आहे. समितीत एक सूचना आली आहे की आता डीएनएच्या चाचण्या घरबसल्या करता येतात, तेव्हा या वेळी 'शास्त्रशुद्ध' वंशावळ छापू. जिथे जिथे मध्ये दत्तक आहे, त्या शाखा मुख्य वंशवृक्षातून काढून शेवटी परिशिष्टात घालू. सूचना मांडणारा माझा पुतण्याच आहे. मुलगा गुणी आहे, समितीची निम्मी धावपळ तोच करतो. पण माझे सासरे दत्तक होते. वयाच्या सातव्या वर्षी ते सिन्नरकडच्या एका घरातून या घरात आले. म्हणजे आमची अख्खी शाखा, चार पिढ्या, आता परिशिष्टात! मला राग आलेला नाही असं म्हणणार नाही. पण रागापेक्षा जास्त खटकला तो 'शास्त्रशुद्ध' हा शब्द. शास्त्र खरंच असं सांगतं का?

माझी नात (मुलीची मुलगी, म्हणजे या कुलवृत्तांतात जिची ओळही नाही ती) सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "आजी, नातं कशावरून ठरवायचं यावर आमच्याकडे शंभर वर्षं भांडण चाललंय, आणि तेही तुझ्या मेथीच्या गाठींवरून." मग तिने दिलेलं वाचत गेले, अडलं तिथे तिला फोन केले. जे समजलं ते सांगते.

या गाठींतला जिवाणू १८८८ साली हॉलंडच्या बायजेरिंकने पहिल्यांदा वेगळा काढून वाढवला. १८८९ साली जर्मनीच्या फ्रँकने त्याला रायझोबियम हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'मुळात जगणारा'. आपल्याकडे या विषयाचा पहिला अभ्यास १९२० च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांनी केला. नाव वाचून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. खरं तर जोशी देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत, गुजरातेत आहेत, थेट कुमाऊंच्या डोंगरातही आहेत. आडनावावरून नातं लावायची खोड काही जात नाही.

शास्त्रज्ञांनीही सुरुवातीला तेच केलं. कोणता जिवाणू कोणाचा, हे ते झाडावरून ठरवत. वाटाण्याच्या मुळावर गाठी आणतो तो वाटाण्याचा, घेवड्यावर आणतो तो घेवड्याचा. एकाच्या गाठीतला जिवाणू दुसऱ्या झाडाला चालला तर दोन्ही झाडं एका गटात. थोडक्यात, सोयरीक कुठे जमते त्यावरून कूळ ठरवायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेड, बाल्डविन आणि मॅकॉय यांनी १९३२ साली या विषयावर मोठा ग्रंथच काढला, त्यात ही गटवारी पक्की झाली. (मॅकॉय म्हणजे एलिझाबेथ मॅकॉय. त्या काळात एका बाईचं नाव मुखपृष्ठावर पाहून बरं वाटलं.) आपल्या कृषी खात्याच्या माहितीतही तेच गट चालत आले आहेत. मेथी आणि लसूणघास एका गटात, वाटाणा आणि मसूर एका गटात. बरसीम, घेवडा, सोयाबीन आणि हरभरा यांचा प्रत्येकाचा सवतासुभा. आणि चवळीचा गट म्हणजे धर्मशाळा! चवळी, भुईमूग, तूर, मूग, उडीद, मटकी, गवार, ताग... सगळे तिथे.

ही गटवारी शेतकऱ्याच्या कामाची होती आणि आहे. पण ती वंशावळ मात्र नव्हती. एकच जिवाणू दोन गटांतल्या झाडांवर सापडू लागला. एकाच झाडावर अगदी वेगळ्या स्वभावाचे जिवाणू सापडू लागले. काही प्रयोगशाळेत दोन-तीन दिवसांत वाढतात, काहींना आठवडा लागतो. शेवटी १९८२ साली जॉर्डन या शास्त्रज्ञाने मंद वाढणाऱ्यांचं घरच वेगळं केलं आणि त्यांना ब्रॅडीरायझोबियम हे नाव दिलं. ब्रॅडी म्हणजे मंद. सोयाबीनचा जिवाणू त्यात गेला. पुढे १९९७ साली मधल्या गतीच्या मंडळींसाठी मेसोरायझोबियम ही आणखी एक प्रजाती झाली, हरभऱ्याचा जिवाणू तिच्यात.

तोवर जनुकं वाचायची सोय झाली होती. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी रायबोसोम नावाची यंत्रणा असते. तिच्या एका भागाचं जनुक पिढ्यान् पिढ्या फार हळू बदलतं. अमेरिकेच्या कार्ल वूज यांनी त्याची तुलना करून सगळ्या सजीवांचं नातं लावायची पद्धत घालून दिली, १९७७ साली त्यांनी त्यावरून जीवसृष्टीची एक पूर्ण नवी शाखाच दाखवली. ही म्हणजे खरोखरची रक्ताची वंशावळ. ती गाठींच्या जिवाणूंना लावली तेव्हा घराघरात रडारड व्हावी असे निकाल आले. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम मेथी-वाटाण्याच्या जिवाणूंचा जवळचा भाऊ नाहीच. त्याचं जवळचं नातं निघालं तळ्या-डबक्यांच्या गाळात उजेडावर जगणाऱ्या ऱ्होडोस्यूडोमोनास नावाच्या जिवाणूशी. आणि वाटाण्याच्या रायझोबियमचे शेजारी कोण? तर झाडांच्या खोडावर कर्करोगासारखी गाठ आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. द्राक्षवेलीला ही गाठ आणणाऱ्या जिवाणूचं नाव २०१५ साली बदललं आणि त्याला अ‍ॅलोरायझोबियम या प्रजातीत घातलं. आता बघा, त्या प्रजातीत पहिल्यांदा ठेवलेला जिवाणू पाणवनस्पतीच्या मुळावर नत्राच्या गाठी आणणारा! एकाच घरात एक साधू आणि एक चोर. गाईंना गर्भपात घडवणारा ब्रुसेलासुद्धा याच भावकीतला.

इथपर्यंत वाचून माझा पुतण्या म्हणेल, बघा, मी म्हणतो तेच झालं, रक्ताची वंशावळ खरी ठरली. थांब जरा.

२००१ साली एकदम दोन ठिकाणांहून बातमी आली. गाठी आणणारे जिवाणू एका मोठ्या शाखेतलेच असतात असं तोवर सगळे धरून चालले होते. त्या वर्षी निघालं की पूर्ण वेगळ्या शाखेतले जिवाणूही गाठी करतात. तैवानमध्ये एक सापडला तो लाजाळूच्या मुळात. तीच आपली, हात लावला की मिटणारी. २००४ साली भारतातल्या लाजाळूच्या गाठींतही तोच असल्याचं प्रसिद्ध झालं. रक्ताने हा मेथीच्या जिवाणूपासून इतका दूर, की त्या दोघांना भाऊ म्हणणं म्हणजे गाय आणि गांडूळ यांना भाऊ म्हणण्यासारखं. पण गाठ बांधण्याची जनुकं पाहिली तर ती एकमेकांशी जुळणारी! हे कसं?

याचं उत्तर त्याआधीच न्यूझीलंडमध्ये मिळालं होतं, आणि मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. तिथे लोटस नावाचं पिवळ्या फुलांचं चाऱ्याचं झुडूप लावतात (कमळ नव्हे, नावावर जाऊ नका). ओटागो भागातल्या एका जमिनीत त्याला चालणारे जिवाणू नव्हते, म्हणून १९८६ साली बियाण्याला एकाच प्रकारचा जिवाणू लावून पेरणी केली. सात वर्षांनी सलिव्हन, रॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उपटून गाठी तपासल्या. वास्तविक सगळीकडे तो एकच जिवाणू मिळायला हवा होता. पण बऱ्याच गाठींत निघाले निरनिराळे, वेगळ्या कुळांतले स्थानिक जिवाणू! आणि त्या सगळ्यांकडे गाठ बांधायची जनुकं मात्र त्या पाहुण्या जिवाणूचीच. म्हणजे झालं असं की पाहुण्याने आपल्या विद्येची पोथी शेजाऱ्यांना दिली. मुलांना नव्हे, शेजाऱ्यांना. १९९५ साली हे छापून आलं. त्या पोथीचं मोजमापही पुढे झालं, सुमारे पाच लाख अक्षरांचा एक सलग तुकडा, जो एका जिवाणूतून निघून दुसऱ्याच्या जनुकांत जाऊन बसतो. काही जिवाणूंत ही विद्या मुख्य जनुकांच्या बाहेर वेगळ्या कड्यावर असते, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. तोही असाच हातोहात जातो.

तेव्हा एका जिवाणूच्या पोटात दोन वंशावळी आहेत. एक आईबापाकडून आलेली, दुसरी गुरूकडून. आणि दोन्ही जनुकांतच लिहिलेल्या आहेत! 'डीएनएवरून ठरवू' असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो, की बाबा, कुठल्या डीएनएवरून?

गुरूकडून आलेली विद्या म्हणजे सगळं गोडच, असंही नाही. ऑस्ट्रेलियात बिसेरुला नावाच्या चाऱ्याच्या पिकावर असाच प्रकार झाला. सहा वर्षांनी तिथल्या स्थानिक जिवाणूंनी विद्या घेतली, गाठीही केल्या, पण त्यांतले काही नत्र जवळपास देतच नव्हते. झाडाची साखर खायची आणि बसून राहायचं. आपल्या ओळखीचे असे काही लोक डोळ्यांसमोर येतील, नावं घेत नाही!

आणि एक प्रयोग तर पिंपळगावच्या टोमॅटोवाल्यांनी वाचावा असा. टोमॅटोला जिवाणूजन्य मर आणणारा राल्स्टोनिया आहे ना, त्याला फ्रान्समध्ये तुलूझच्या शास्त्रज्ञांनी लाजाळूच्या जिवाणूचा विद्येचा प्लाझ्मिड दिला. २०१० साली त्यांनी निकाल छापला. नुसतं दिल्याने काहीच झालं नाही, एकही गाठ आली नाही. निवड करत गेल्यावर त्यातल्या काही जिवाणूंनी लाजाळूवर गाठी केल्या. त्या कधी? तर त्यांच्या स्वतःच्या, रोग पसरवण्याच्या जनुकांमध्ये बिघाड झाला तेव्हा. तरीही नत्र काही त्यांना बांधता आला नाही. दत्तक घेतलं म्हणजे लगेच घरचा झाला असं होत नाही, घेणाऱ्यालाही आपल्यातलं काही सोडावं लागतं. माझे सासरे सांगायचे की पहिली दोन वर्षं ते रात्री उठून दाराशी जाऊन बसत, आणि माझ्या आजेसासूबाई, ज्यांचा स्वभाव गावात प्रसिद्ध होता, शेजारी येऊन गप्प बसायच्या.

मग शास्त्रज्ञांनी नावाचं काय केलं? भांडण मिटवण्यासाठी त्यांनी एक तोडगा काढला, तो मला फार पसंत पडला. नावाचे दोन भाग करायचे. जातीचं नाव रक्तावरून, आणि त्यापुढे सिंबायोव्हार, म्हणजे कोणत्या झाडाशी संसार करतो त्याची खूण. रायझोबियम लेग्युमिनोसारम ही एकच जात, पण तिच्यातला वाटाण्याशी राहणारा वेगळा लिहायचा, बरसीमशी राहणारा वेगळा लिहायचा. दोन रकाने. एकाने दुसऱ्याला पुसायचं नाही. ज्याला जंतूचा उगम शोधायचा आहे त्याने पहिला रकाना बघावा, ज्याला पेरणी करायची आहे त्याने दुसरा.

आपलं सोयाबीनच घ्या. मूळचं चीनचं पीक. लासलगावच्या बाजारात आज कांद्याखेरीज तेही येतं. भारतातल्या निरनिराळ्या हवामानाच्या पाच भागांतून सोयाबीनच्या मुळांतले पन्नास जिवाणू घेऊन केलेला अभ्यास २००८ साली छापून आला. त्यातला एक मोठा गट युआनमिंगेन्स या जातीचा निघाला. हे नाव चीनमधल्या जागेचं, पण तिथे ही जात पहिल्यांदा सापडली ती दुसऱ्याच झाडावर. आपल्याकडच्या तिच्या भाऊबंदांनी मात्र सोयाबीनशी घर केलेलं. पहिल्या रकान्यात एक नाव, दुसऱ्यात वेगळं काम.

कायद्यानेही कामाचा रकाना महत्त्वाचा मानला आहे. जिवाणू खतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात २००६ साली झाला. रायझोबियमच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत आणि पाकिटावर ज्या पिकांची नावं छापली आहेत त्या सगळ्यांवर परिणामकारक गाठी यायला हव्यात, असं त्यात आहे. जिवाणूचे आजोबा कोण, हे त्यात विचारलेलं नाही. (पाकीट घेताना गट आणि मुदत दोन्ही वाचा, एवढं जाता जाता सांगते. हरभऱ्याला सोयाबीनचं पाकीट लावलं तर गुळाचं पाणीच तेवढं लावल्यासारखं.)

आता पुतण्याला आणि समितीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना. जिवाणूंवरून माणसांचे नियम काढू नयेत, हे मला समजतं. माणसं शेजाऱ्याला जनुकं देत नाहीत. मी हे सगळं सांगितलं ते 'शास्त्रशुद्ध' या शब्दासाठी. जिथे नात्याचं मोजमाप सर्वांत बारकाईने होतं, त्या शास्त्राने रक्ताच्या रकान्यासाठी कामाचा रकाना फाडून परिशिष्टात टाकलेला नाही. तेव्हा आमची शाखा शास्त्राच्या नावाने काढू नका. काढायचीच असेल तर 'आम्हाला काढावीशी वाटते' असं लिहा, मग त्यावर बोलू.

१९५६ चा दत्तकाचा कायदाही मी काढून पाहिला. दत्तक झाल्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत नव्या घरचं, असं त्यात आहे. पण जन्माच्या घरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, ते दत्तक गेल्यावरही निषिद्धच. म्हणजे कायद्यालासुद्धा दोन्ही रकाने ठाऊक आहेत. आमच्या नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीत, जिथे घरोघरच्या नामावळी जपलेल्या असतात, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ मी पाहिली आहे. वर या घरचं पूर्ण नाव, आणि खाली बारीक अक्षरात जन्मदात्या वडिलांचं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे. वंशवृक्ष एकच असावा. दत्तकाच्या नावापुढे जन्मघराचं नाव आणि गाव लिहावं, कंसात लपवून नव्हे तर सरळ. ती माहिती उद्या कोणाला आजारपणाच्या चौकशीत लागेल, कोणाला सोयरीक जुळवताना लागेल, तेव्हा ती पुसूही नये. आणि मुलींच्या पुढची पिढीही घ्यावी. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची कीर्ती कोरून ठेवली आहे, तो मुलगा गौतमीपुत्र म्हणून इतिहासात गेला. तो शिलालेख आपल्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे, आणि आमच्या कुलवृत्तांतात मुलीचं घर 'विवाह झाला' या दोन शब्दांवर संपतं!

पानं वाढतील, खर्च वाढेल, हे मान्य. आमच्या शाखेचा वाढीव खर्च आम्ही देऊ. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे. दोन रकान्यांचा नमुना मी आखून ठेवला आहे, चार घरांची माहिती भरूनही पाहिली, एका पानात सहज बसते. कोणाला पाहायचा असेल त्याने फोन करावा, दुपारी एक ते तीन सोडून.